एसएफ-८६ आणि ई-ॲप : गोव्यातला गोतावळा या फॉर्मात कसा बसवायचा?

अमेरिकेत संरक्षण खात्याचे काम घेणाऱ्या कंपनीकडून नोकरीचे पत्र येते आणि खाली एक अट असते : सुरक्षा मंजुरी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, मिळाली तरच. मग फोंड्याच्या, म्हापशाच्या, डिचोलीच्या घरी व्हॉट्सॲपवर विचारणा सुरू होते. बाबांची जन्मतारीख शाळेतली धरायची की पासपोर्टवरची? आईचे माहेरचे नाव नेमके काय? धाकट्याने लिस्बनला नोंद केली ती कुठल्या साली? आजोबांच्या घरात आपला वाटा किती? विचारणारा मुलगा किंवा मुलगी एसएफ-८६ भरत असते. हा आढावा त्या फॉर्माचा आणि तो ज्या पोर्टलवर भरतात त्या ई-ॲपचा, गोव्यात घरदार असलेला अर्जदार समोर ठेवून.

आधी जुजबी माहिती. एसएफ-८६ म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित पदांसाठीची प्रश्नावली. सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०१६ ची, १३६ पानांची. ती कागदावर भरत नाहीत. डीसीएसए या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेच्या ई-ॲप पोर्टलवर भरतात. ऑक्टोबर २०२३ पासून जुन्या ई-क्विप पोर्टलची जागा याने घेतली. अर्जदाराला एक पैसाही पडत नाही. पण आपण होऊन अर्ज करता येत नाही, कंपनीने किंवा सरकारी खात्याने नाव पुढे करावे लागते. आणि अर्जदार अमेरिकी नागरिकच हवा, ग्रीन कार्ड चालत नाही. १९९५ च्या १२९६८ क्रमांकाच्या राष्ट्राध्यक्षीय आदेशापासूनचा हा नियम आहे. परदेशी नागरिकाला फार तर गोपनीय माहिती मर्यादित प्रमाणात पाहण्याची वेगळी परवानगी मिळते, तीही क्वचित.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. फॉर्म कडक आहे, पण त्याची जेवढी भीती घातली जाते तेवढा तो वाईट नाही. आईवडील गोव्यात राहतात एवढ्यावरून तो कोणाला बाद करत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. तो आखणाऱ्यांच्या डोळ्यासमोर चार माणसांचे कुटुंब, एक आडनाव आणि एका मालकाचे घर होते. आपल्याकडे यातले एकही नाही. त्यामुळे खरे कष्ट उत्तरे देण्यात नसून कागद जुळवण्यात आहेत, आणि लोक अडकतात तेही तिथेच.

अठरावा विभाग : जवळचे नातेवाईक

इथे आई, वडील, सावत्र व पालक आईवडील, मुले, भाऊ, बहिणी (सावत्रही), सासू आणि सासरे येतात. काका, मामा, आत्या, मावशी, चुलत-मामे भावंडे इथे नाहीत. ती पुढच्या विभागात, आणि तीही सगळी नव्हेत. मृत व्यक्तीही लिहायच्या असतात. वडील वारले म्हणून त्यांची नोंद गाळली की ई-ॲप ती जागा रिकामी म्हणून दाखवत राहते.

अमेरिकी नागरिक नसलेल्या आणि भारतात राहणाऱ्या प्रत्येक नातेवाइकासाठी पत्ता, नोकरी देणारा, संपर्काचे साधन, पहिला व शेवटचा संपर्क आणि संपर्काची वारंवारता विचारली जाते. वारंवारतेला रोज, आठवड्याला, महिन्याला, तिमाहीला, वर्षाला असे पर्याय आहेत. इथे बरेच अर्जदार आपणहून गोत्यात येतात. आई रोज रात्री फोन करत असताना ‘महिन्याला’ असे लिहितात. संपर्क कमी दाखवला की धोका कमी वाटेल, हा हिशोब. पुढे मुलाखतीत तपास अधिकारी सहज विचारतो, आईशी शेवटचे कधी बोललात? उत्तर येते, काल. आता प्रश्न आईचा राहत नाही, अर्जदाराच्या खरेपणाचा होतो. आईशी रोज बोलणे अपेक्षितच आहे, ते तसेच लिहावे. खोटे विधान केल्यास अमेरिकी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे फॉर्मावरच छापलेले असते.

नावांचा गुंता आपल्याकडे दुहेरी आहे. पहिला पोर्तुगीज काळातल्या नोंदींचा. एकाच घरात वडिलांच्या जन्मदाखल्यावर ‘सिनाय’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘शेणवी’, काकांचे ‘कामोतिम’ तर मुलाचे ‘कामत’, नाईक आडनावाच्या स्पेलिंगमध्ये क्यू, परबांच्या जागी ‘पोरोब’. दुसरा गुंता लग्नानंतर बाईचे पहिले नावही बदलण्याच्या रिवाजाचा. आई, सासू, वहिनी आणि कधी बायकोसुद्धा, प्रत्येकीची दोन पूर्ण नावे असतात. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे एक नाव आणि तिच्या पासपोर्टवर दुसरे, हे गोव्यात नवलाचे नाही. फॉर्मात आईच्या माहेरच्या नावाची वेगळी जागा आहे आणि ‘वापरलेली इतर नावे’ असाही रकाना आहे. दोन्ही भरावेत. मुख्य नाव पासपोर्टप्रमाणे, बाकी सगळी इतर नावांत, प्रत्येकापुढे कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत ते. १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली रीतसर बदल केला असेल तर त्या नोंदीची प्रत हाताशी ठेवावी. साल आठवत नसेल तर तारखेजवळच्या ‘अंदाजे’ चौकोनात खूण करावी. तो त्यासाठीच आहे आणि वापरल्याने काही कमीपणा येत नाही.

१९६१ च्या आधी जन्मलेल्या वडिलांचा जन्मदेश काय लिहायचा, असा घोळ नेहमी होतो. भारत लिहावे आणि टिप्पणीच्या चौकटीत एक वाक्य घालावे : जन्माच्या वेळी हा भाग पोर्तुगीज राजवटीखाली होता, १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने वडील भारतीय नागरिक झाले. एवढे पुरते. तिथे मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिण्याची गरज नाही.

मग येतो सरकारी नोकरीचा प्रश्न. नातेवाईक परदेशी सरकार, लष्कर, सुरक्षा यंत्रणा, संरक्षण उद्योग किंवा गुप्तचर संस्थेशी संबंधित आहे का? गोव्यात या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर असणारे घर सापडणे कठीण. वीज खात्यातून निवृत्त वडील, सार्वजनिक बांधकाम खात्यातला भाऊ, सरकारी प्राथमिक शाळेतली बहीण. सगळे ‘होय’मध्ये लिहायचे, पण नुसते ‘सरकारी नोकर’ लिहून सोडायचे नाही. पद, काम आणि निवृत्तीचे साल द्यावे : वीज खात्यात लाइनमन, निवृत्त, राज्य सरकारचे निवृत्तिवेतन, संरक्षणाशी संबंध नाही. अनुदानित शाळेतला शिक्षक तांत्रिकदृष्ट्या संस्थेचा नोकर असतो, पगार मात्र सरकारी अनुदानातून. तेही तसेच सांगावे. वास्कोच्या गोवा शिपयार्डमधला भाऊ किंवा दाबोळीला आयएनएस हंसावर मुलकी नोकरी करणारे सासरे ही मात्र वेगळ्या वजनाची गोष्ट. गोवा शिपयार्ड भारतीय संरक्षण मंत्रालयाखालची कंपनी आहे आणि फॉर्मातला ‘संरक्षण उद्योग’ हा शब्द अशांसाठीच आहे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्या मानाने हलकी, पण तीही केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे हे विसरू नये.

एकोणिसावा विभाग आणि मामेभावांचा प्रश्न

इथे प्रश्न असा : गेल्या सात वर्षांत कोणा परदेशी नागरिकाशी जवळचा किंवा सततचा संपर्क आहे का, ज्याच्याशी तुम्ही किंवा तुमचा जोडीदार आपुलकीने, प्रभावाने, समान हितसंबंधाने किंवा उपकाराच्या बंधनाने जोडलेले आहात? नाते किती जवळचे हे इथे गौण. वडिलांनंतर ज्याने शिकवले तो मामा लिहायचाच, वर्षातून दोनदा बोलणे होत असले तरी. चवथीला गावच्या घरी भेटणारे वीस चुलतभाऊ, ज्यांचे फोन नंबरही मोबाइलमध्ये नाहीत, ते लिहायचे नाहीत. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो टाकणारी माणसे केवळ तेवढ्यावरून या यादीत येत नाहीत. पण त्याच ग्रुपातल्या ज्याच्याशी वेगळे बोलणे होते, पैशांची देवाणघेवाण होते, ज्याच्या नावे इथल्या घराचे मुखत्यारपत्र दिले आहे, तो येतो. मुखत्यार विसरण्याचे प्रमाण फार आहे. घराची पट्टी भरणारा, भाडे गोळा करणारा माणूस म्हणजे हितसंबंध नाही तर काय?

हे सगळे तोलतात कसे

तोलण्याचे नियम अमेरिकी सरकारच्या सीड-४ या सुरक्षाविषयक निर्देशात आहेत, ८ जून २०१७ पासून लागू. तेरा निकष, ए ते एम. कुटुंबाचा संबंध बी म्हणजे परदेशी प्रभाव आणि सी म्हणजे परदेशाकडे कल, या दोन निकषांशी. बी निकष नीट वाचला तर परदेशी नातेवाईक असणे आपोआप दोष धरलेले नाही. त्या संबंधामुळे दबाव, आमिष किंवा जबरदस्तीचा धोका वाढतो का, हा प्रश्न आहे. देश कुठला, तिथले सरकार कसे, नातेवाईक काय करतात आणि अर्जदाराची मुळे अमेरिकेत किती खोल गेली आहेत, यावर उत्तर ठरते.

कंत्राटी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे वादग्रस्त अर्ज डोहा या संरक्षण खात्याच्या सुनावणी व अपील संस्थेच्या न्यायाधीशांपुढे जातात. निकाल नावे काढून प्रसिद्ध होतात, कोणीही वाचू शकतो. भारताविषयीचे चार निकाल वाचले की ठेवण कळते. आधी लिहितात की भारत लोकशाही देश आहे, अमेरिकेशी संबंध चांगले आहेत. लगेच पुढे दहशतवाद आणि तंत्रज्ञानाची चोरी यांचा उल्लेख येतो. मग माणसाकडे वळतात. निवृत्त आईवडील, घर सांभाळणारी बहीण, खासगी बँकेतला भाऊ असे चित्र असेल आणि अर्जदाराचे घर, बायकामुले, बचत अमेरिकेत असेल, तर बाजू भक्कम असते. नातेवाईक लष्करात, गुप्तचर खात्यात किंवा वरच्या सरकारी पदावर असेल तर पुराव्याचे ओझे वाढते. बारीकसारीक कारकुनी नोकऱ्यांना आपल्याकडे लोक जेवढे घाबरतात तेवढे घाबरण्याचे कारण नाही.

लिस्बनची नोंद

गोव्याचा खास विषय हाच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगीज कायद्याने नागरिकत्व मिळू शकते आणि लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून मुलांनाही ते पुढे जाते. त्या पासपोर्टवर कितीतरी गोवेकर इंग्लंडला गेले. स्विंडनमध्ये गोव्याची मोठी वस्ती आहे. त्यामुळे अर्जदाराचा भाऊ पोर्तुगीज नागरिक, राहतो इंग्लंडमध्ये, जन्म मडगावचा, अशी नोंद अगदी सामान्य. ती तशीच लिहावी. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य आहे, त्या नागरिकत्वाने अर्ज बिघडत नाही.

बिघडते ते अर्धवट प्रकरणाने. लिस्बनला जन्म नोंदवला, पण भारतीय पासपोर्टही चालू ठेवला, मतदारयादीत नावही आहे, अशी माणसे गोव्यात आहेत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपवते. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणे का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालला, पासपोर्ट रद्द झाले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने पासपोर्ट रद्द केल्याच्या दाखल्यावर ओसीआयसाठी, म्हणजे परदेशस्थ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करू देण्याची वाट काढली. अमेरिकी तपासनिसाला या वादात रस नसतो. त्याला दिसते एवढेच की अर्जदाराच्या सख्ख्या भावाकडे लपवण्यासारखे काही आहे आणि ते ज्याला ठाऊक आहे तो दबाव टाकू शकतो. नातेवाइकाला एकापेक्षा जास्त नागरिकत्वे लिहिण्याची सोय फॉर्मात आहे. माहीत असेल ते लिहावे, टिप्पणीत परिस्थिती दोन ओळींत सांगावी. भावाचे गुपित सांभाळण्यासाठी स्वतःच्या सहीचा फॉर्म खोटा करू नये. भावालाही आपले कागद सरळ करण्याचा आग्रह धरावा, त्याच्या भल्यासाठीच.

आणखी एक गोष्ट घरी आवर्जून विचारावी : आपली स्वतःची नोंद झाली आहे का? वडिलांनी नोंद करताना अल्पवयीन मुलांचीही केली आणि मुलांना कधी सांगितलेच नाही, असे घडू शकते. तसे असेल तर अर्जदार पोर्तुगालच्या लेखी नागरिक आहे आणि दहाव्या विभागात, म्हणजे दुहेरी नागरिकत्व व परदेशी पासपोर्टच्या प्रश्नांत, ते यायला हवे. सीड-४ स्पष्ट म्हणते की दुसरे नागरिकत्व असणे एवढ्यावरून कोणी अपात्र होत नाही. लपवणे आणि हितसंबंधांचा संघर्ष हे प्रश्न आहेत.

याच दहाव्या विभागात आयुष्यात कधीही मिळालेले परदेशी पासपोर्ट विचारतात. म्हणजे जुने भारतीय पासपोर्टही, क्रमांक, तारखा आणि त्यावर केलेल्या प्रवासांसह. जुनी पुस्तिका घरात कुठल्या ट्रंकेत आहे ते आधी शोधावे. ओसीआय कार्डाची नोंद टिप्पणीत करावी : हे नागरिकत्व नाही, मतदानाचा हक्क नाही, आणि भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या ७ब कलमानुसार सरकारी नोकरीत समान संधीचा हक्कही नाही.

विसावा विभाग, पहिला भाग : घर, जोण आणि खाती

इथे फॉर्म गोव्यापुढे हात टेकतो. प्रश्न असा : परदेशात स्थावर मालमत्ता कधीही तुमच्या किंवा जोडीदाराच्या मालकीची होती का, आहे का, किंवा पुढे मिळण्याची अपेक्षा आहे का? गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, मृत्युपत्रानेही ती दुसरीकडे वळवता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, त्यात वारशाने आलेलीही. याचा अर्थ असा की गोव्यात लग्न नोंदवलेल्या अर्जदाराला फक्त आपल्या वडिलांच्या घराचा विचार करून चालत नाही. सासरच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेत, बायकोच्या नावे आलेल्या वाट्यातही तो अर्ध्याचा धनी असतो. वारस बहिणीने जमीन विकली तर विक्रीखतावर तिच्या नवऱ्याची सही घेतात ती याचसाठी. अशा खतावर सही केली असेल तर ती मालमत्ता ‘कधीही होती’ या प्रश्नात येते, विकून दहा वर्षे झाली असली तरी.

‘अपेक्षा आहे का’ याला गोवेकराचे प्रामाणिक उत्तर जवळजवळ नेहमी होय असते. वडील हयात असतील तर लिहावे : वडिलोपार्जित घर, अविभक्त, भविष्यातला वारसा, भावंडे किती, अंदाजे वाटा किती. वडील वारले पण इन्व्हेंटरी झाली नाही, जमिनीच्या नोंदीच्या फॉर्म एक-चौदावर अजून आजोबांचेच नाव, ही तर घरोघरची परिस्थिती. तेही तसेच सांगावे. किमतीसाठी सरकारी दर न लावता आजचा बाजारभाव घ्यावा आणि अंदाजे म्हणून लिहावा. बार्देशच्या किनारपट्टीजवळच्या जुन्या घराचा पाचवा हिस्साही आज डॉलरमध्ये मोठा दिसतो. आकडा मोठा आहे म्हणून दडपू नये. त्याच्यासमोर अमेरिकेतली मालमत्ता मांडावी. नियमात सूट नेमकी या तुलनेवर आहे : परदेशातील हितसंबंधाचे मूल्य किंवा स्वरूप असे हवे की त्याने माणूस वाकवला जाणार नाही. व्हर्जिनियात घर, निवृत्तीची बचत, शेअर हे सगळे एका पानावर आणि गोव्यातला वाटा त्याच्या किती टक्के, असे पत्रक तयार असले की मुलाखत निम्म्यावर येते.

कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, जोण (उत्पन्नातला वाटा) हा मजेदार प्रकार. गांवकाराच्या वंशातला पुरुष म्हणून नाव नोंदवले असेल आणि वर्षाकाठी चार पैसे येत असतील, तर तो परदेशी आर्थिक हितसंबंधच. रक्कम हास्यास्पद असते, पण न लिहिलेली जोण मुलाखतीत निघाली तर समजावून सांगताना अर्धा तास जातो. शेतजमिनीचेही तसेच : ओसीआयधारकाला ती विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. तेव्हा शेत आले कसे, हे स्पष्ट लिहावे.

बँकेची खाती. आईबरोबरचे संयुक्त खाते तुमचेही खाते असते, पैसे सगळे तिचे असले तरी. शाळेत उघडलेले, विसरलेले बचत खाते, एनआरओ, एनआरई, मुदत ठेवी, एलआयसीची पॉलिसी सगळे यादीत घ्यावे. परदेशी खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे या खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारे पत्रक, भरावा लागतो, मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढ १५ ऑक्टोबरपर्यंत. एसएफ-८६ मध्ये खाते दाखवले आणि एफबार कधी भरलाच नाही, तर परदेशी प्रभावाचा प्रश्न बाजूला राहून आर्थिक वर्तनाचा नवा प्रश्न उभा राहतो. म्हणून फॉर्म पाठवण्याआधी करसल्लागाराकडून मागचे एफबार निस्तरून घ्यावेत. हा आमचा सगळ्यात ठाम सल्ला.

आईवडिलांना दरमहा पाठवलेले पैसे, बहिणीच्या लग्नाला दिलेली रक्कम ही ‘परदेशी नागरिकाला आर्थिक मदत’ या प्रश्नात येते आणि तिला काळाची मर्यादा नाही. वर्षवार अंदाजी बेरीज पुरते.

उरलेले दोन भाग

परदेशी सरकारांशी संपर्काचा प्रश्न सगळ्यात वाईट लिहिलेला आहे. तुम्ही ‘किंवा तुमच्या जवळच्या कुटुंबीयांनी’ सात वर्षांत परदेशी सरकारशी संपर्क केला का? गोव्यात राहणारे बाबा दर महिन्याला मामलेदार कचेरीत खेपा घालतात, त्याचे काय करायचे? एकच सर्वसाधारण नोंद करावी : कुटुंबीय भारतीय नागरिक असून भारतात राहतात, त्यांचा सरकारशी संबंध सामान्य नागरिकाचा आहे. स्वतःचे मात्र वेगवेगळे लिहावे, म्हणजे ओसीआयचा अर्ज, पासपोर्ट परत केल्याचा दाखला, वकिलातीत साक्षांकित करून घेतलेले मुखत्यारपत्र. परदेशी निवडणुकीत कधी मतदान केले का, हाही प्रश्न याच भागात आहे. भारतीय नागरिक असताना पंचायतीला किंवा विधानसभेला केलेले मतदान यात धरावे. उत्तर ‘होय’ असल्याने काही बिघडत नाही, विसरल्याने मुलाखत लांबते. आईवडिलांना ग्रीन कार्डासाठी पुरस्कृत केले असेल तर त्याचीही जागा इथेच.

प्रवासाचा भाग सोपा, सात वर्षांच्या फेऱ्या. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमान कंपनीच्या ईमेल समोर ठेवून भरावा. दोहा किंवा दुबईत विमानतळाबाहेर पडून मुक्काम केला असेल तर तो देशही येतो.

पोर्टलविषयी

ई-ॲप ई-क्विपपेक्षा बरे. विभाग डावीकडे दिसतात, चूक कुठे आहे ते दाखवते, तारखांमधली खिंडारे पकडते. तक्रारी आहेतच. भारतातले पत्ते, म्हणजे वाडा, घर क्रमांक, पंचायत, तालुका, त्याच्या चौकटीत धड बसत नाहीत. घर क्रमांक व वाडा पहिल्या ओळीत, गाव शहराच्या जागी, बाकी टिप्पणीत ही पद्धत चालते. आणि मधेच काम सोडून गेलात तर सत्र संपते, म्हणून मोठी टिप्पणी आधी दुसरीकडे लिहून मग चिकटवावी. फॉर्मावर भरायला सरासरी १५० मिनिटे लागतात असे छापले आहे. तीन भावंडे आणि सासर असलेल्या गोवेकराला तेवढा वेळ अठराव्या विभागालाच लागेल. सही करण्यापूर्वी पूर्ण प्रत उतरवून ठेवावी. पुढच्या फेरतपासणीत आधीच्या उत्तरांशी ताळा बघतात.

घरच्यांनाही एक सूचना द्यावी. या प्रक्रियेत नातेवाइकांकडून शुल्क, ओटीपी किंवा बँकेचा तपशील कोणी मागत नाही. ‘तुमच्या मुलाच्या मंजुरीसाठी’ असे म्हणून पैसे मागणारा फोन म्हणजे फसवणूक.

आपल्याकडच्या फॉर्माशी तुलना

गोवा शिपयार्डमध्ये किंवा केंद्र सरकारी नोकरीत लागणारा साक्षांकन फॉर्म यापुढे चिमुकला आहे. आईवडील, जोडीदार, भावंडे यांचे राष्ट्रीयत्व, जन्मस्थान, व्यवसाय व पत्ता एका तक्त्यात, मुले परदेशी शिकत वा राहत असतील तर त्यांचा वेगळा तक्ता, झाले. स्विंडनचा भाऊ तिथे एका ओळीत मावतो. पण ती ओळ गाळणे इथेही महागात पडते. माहिती दडवल्यास नोकरी जाऊ शकते, असा इशारा फॉर्माच्या वरच छापलेला असतो. आणि परदेशी व्यक्तीशी लग्न केल्यास १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांतला २१ वा नियम ताबडतोब कळवायला सांगतो. अमेरिकी फॉर्म जास्त विचारतो, पण बाजू मांडायला जागाही जास्त देतो. उलटतपासणीची संधी, लेखी आक्षेपपत्र, त्याला उत्तर देण्यासाठी कंत्राटी कर्मचाऱ्यांना २० दिवस आणि हवी असल्यास सुनावणी. या बाबतीत तो आपल्याकडच्यापेक्षा पुढे आहे, हे मान्य करावे लागेल.

मंजुरी मिळाल्यावर

कळवण्याचे काम तिथे संपत नाही. ते सांगणारा सीड-३ हा निर्देशही २०१७ पासूनच लागू आहे. खासगी परदेश प्रवास आधी कळवून परवानगी घ्यायची असते, त्यामुळे चवथीचे तिकीट काढण्यापूर्वी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ईमेल जायला हवा. मंजुरीच्या टॉप सिक्रेट या सर्वांत वरच्या पातळीवर तीस दिवसांहून जास्त एकाच घरात राहणारा परदेशी नागरिकही कळवायचा असतो, म्हणजे सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबासुद्धा. त्याच पातळीवर परदेशी मालमत्तेची मालकीही कळवावी लागते. वडील गेल्यावर इन्व्हेंटरी पुरी व्हायला कितीही वर्षे लागोत, वारसा मृत्यूच्या दिवशीच उघडतो. कळवण्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट पाहत बसू नये. ओसीआय कार्ड नव्याने काढायचे असेल तर अर्जाआधी त्याच अधिकाऱ्याला विचारावे, कारण प्रवासासाठीच्या परदेशी ओळखपत्राचा अर्ज खालच्या पातळीवरही कळवण्याजोगा असतो.